फेरारीची तान की होंडाचा भरवसा?

ब्रिटन किंवा अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या जाहिराती चाळणाऱ्याला एक मोह हमखास पडतो. एखाद्या मोठ्या नव्या जर्मन सेडानच्या किमतीत, कधी कधी तर त्याहून कमी पैशांत, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची फेरारी, लॅम्बोर्गिनी किंवा पोर्श समोर उभी असते. लहानपणी भिंतीवर जिचे चित्र डकवले होते, ती मोटार आता आवाक्यात आली आहे असे वाटू लागते. मोटारीची किंमत उतरली म्हणजे ती बाळगण्याचा खर्चही उतरला, हा समज इथेच रुजतो आणि पुढे महागात पडतो.

मोटार जुनी झाली की बाजारातील तिचे मोल घटते. पण तिचा क्लच, तिचे ब्रेक, तिची एक्झॉस्टची नळी आणि तिच्यावर काम करणाऱ्या कारागिराची मजुरी यांचे मोल घटत नाही. नवी असताना लाखाहून अधिक पौंडांना विकली गेलेली मोटार निम्म्या किमतीत मिळाली, तरी तिच्या दुरुस्तीचे बिल लाख पौंडांच्या मोटारीचेच येते. मराठीत यासाठी चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण आहे. सुपरकारच्या बाबतीत ती म्हण शब्दशः खरी होऊ शकते. मात्र सगळ्याच सुपरकारना सारखाच मसाला लागतो असे नाही. कोणत्या मोटारीला किती लागतो, आणि त्या बदल्यात ती चालवणाऱ्याला काय देते, हा या निवडीतला खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे मांडला गेला तो १९९० साली, आणि तो मांडणारी कंपनी इटालियन नव्हती.

होंडाने घातलेला पेच

होंडाने १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात एनएसएक्स ही मोटार प्रथम लोकांसमोर आणली आणि पुढच्या वर्षी तिचे उत्पादन सुरू केले. मुख्य अभियंता शिगेरू उएहारा यांच्यापुढे उद्दिष्ट होते ते फेरारीच्या आठ सिलिंडरांच्या मोटारींना मागे टाकण्याचे. पण रोज ऑफिसला नेता येईल अशा मोटारीने. तिचा संपूर्ण सांगाडा आणि बाह्यांग अॅल्युमिनियमचे होते. मोठ्या प्रमाणावर निघणाऱ्या मोटारीत हा प्रयोग त्यापूर्वी कोणी केला नव्हता. चालकाची बैठक एफ-१६ या लढाऊ विमानाच्या कॉकपिटवरून सुचलेली. त्यामुळे इंजिन पाठीमागे असूनही चहूबाजूंचा रस्ता स्वच्छ दिसतो. बंदिस्त तळघरात बसल्यासारखे वाटणाऱ्या त्या काळच्या इटालियन मोटारींशी तुलना केली, की ही एकच गोष्ट केवढी मोठी होती ते कळते.

आयर्टन सेन्ना त्या वेळी होंडाची इंजिने असलेल्या मॅक्लारेन संघाकडून फॉर्म्युला वन शर्यतींत उतरत असे. सुझुकाच्या ट्रॅकवर त्याला एनएसएक्सचा नमुना चालवायला दिला, तेव्हा सांगाडा काहीसा नाजूक वाटतो, असे मत त्याने दिले. होंडाने ते मनावर घेतले. जर्मनीतील न्युरबर्गरिंग येथे दीर्घकाळ चाचण्या घेऊन सांगाड्याचा ताठरपणा सुमारे पन्नास टक्क्यांनी वाढवला. पुढे मॅक्लारेन एफ-१ ही त्या दशकातील सर्वांत वेगवान मोटार घडवणारे गॉर्डन मरे यांनीही एनएसएक्स चालवून पाहिली आणि रस्त्यावर मोटारीने कसे वागावे याचा मापदंड म्हणून तीच समोर ठेवली.

आकड्यांत ही मोटार मुळीच दिपवत नाही. तीन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, सुमारे २७० अश्वशक्ती आणि पावणेचौदाशे किलोंच्या आसपास वजन. आज एखादी कुटुंबाची मोठी विजेरी मोटारही याहून अधिक ताकद दाखवते. पण हे इंजिन मिनिटाला ८००० फेऱ्यांपर्यंत जाते. त्यासाठी त्यातील कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे केले होते. ५८०० फेऱ्यांच्या सुमारास व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची दुसरी जोडी कामाला लागते आणि आवाज एकदम बदलतो. गायकाने मध्य सप्तकातून तार सप्तकात जावे, तसा तो क्षण असतो. आरंभीच्या मोटारींना पॉवर स्टिअरिंग नव्हते. रस्त्याचा प्रत्येक उंचवटा हाताला कळतो.

आणि एवढे करून ती होंडा होती. सकाळी चावी फिरवली की सुरू होते, रहदारीत तापत नाही, वातानुकूलन चालते. टायमिंग बेल्ट बदलायचा तो साधारण दीड लाख किलोमीटर किंवा सहा-सात वर्षांनी, आणि तोही इंजिन जागेवर ठेवून. १९९७ मध्ये इंजिन ३.२ लिटरचे व गिअर सहा झाले, २००५ मध्ये उत्पादन थांबले; एवढ्या काळात सगळ्या जगात मिळून सुमारे अठरा हजार मोटारी निघाल्या. २०१६ ते २०२२ या काळात त्याच नावाने आलेली संकरित मोटार ही वेगळीच गोष्ट. तिचा विचार इथे नको.

तिच्यातही उणिवा आहेत, आणि त्या ठाऊक असलेल्या बऱ्या. सुरुवातीच्या दोन वर्षांतील काही गिअरबॉक्समध्ये एक गोल कडी सदोष होती. ती तुटली की गिअरबॉक्सचे कवच निकामी होऊ शकते. म्हणून जाणकार खरेदीदार गिअरबॉक्सचा क्रमांक आधी तपासतो. आरंभीच्या मोटारींचे मागचे टायर वाजवीपेक्षा फार लवकर झिजत. वातानुकूलनाच्या नियंत्रक पट्टीतील कपॅसिटर आता वयोमानाने गळू लागले आहेत. अपघातात अॅल्युमिनियमचा सांगाडा चेपला, तर तो सरळ करणारा कारागीर शोधावा लागतो. पण या यादीत दर तीन वर्षांनी येणारे संकट नाही.

इंजिन बाहेर काढण्याचा सोहळा

ते संकट फेरारीच्या वाट्याचे. एनएसएक्स आली तेव्हा फेरारीची ३४८ बाजारात होती आणि होंडाच्या तुलनेत तिचे वागणे लहरी वाटे. फेरारीने त्याला दिलेले उत्तर म्हणजे १९९४ ची एफ-३५५. त्या कारखान्याच्या आठ सिलिंडरांच्या मोटारींत अनेक रसिक आजही हिलाच सर्वांत सुंदर मानतात. साडेतीन लिटरचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच याप्रमाणे चाळीस व्हॉल्व्ह आणि सुमारे ३७५ अश्वशक्ती. म्हणजे टर्बोच्या मदतीवाचून लिटरमागे शंभराहून अधिक. ८५०० फेऱ्यांकडे जाताना या इंजिनाचा जो स्वर लागतो, त्याची सर नंतरच्या अधिक ताकदवान फेरारींनाही आली नाही, असे म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. १९९७ मध्ये या मोटारीला स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलण्याची फॉर्म्युला वनमधील पद्धत देण्यात आली. रस्त्यावरच्या मोटारीत ती प्रथमच येत होती. परंतु ज्यांना ही मोटार खरोखर हवी असते, ते चकचकीत धातूच्या चौकटीत खट्कन बसणारा गिअरचा दांडाच मागतात.

या स्वराची किंमत इंजिनाच्या पुढच्या बाजूस दडलेली आहे. व्हॉल्व्ह उघडझाप करणारे कॅम फिरतात ते रबरी टायमिंग बेल्टवर. रबर मोटार चालली तरी जुने होते आणि उभी राहिली तरी जुने होते. म्हणून हे बेल्ट किलोमीटर कितीही झालेले असोत, साधारण दर तीन वर्षांनी बदलण्याची शिस्त आहे. बेल्ट तुटला तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचा जवळजवळ चुराडा होतो. बरे, हे बेल्ट आहेत चालकाच्या पाठीमागच्या पत्र्याला लागून. तिथे हात पोचत नाही. मग इंजिन, गिअरबॉक्स, मागचे सस्पेन्शन आणि ते सारे धरणारी चौकट असा अख्खा संसार खालून सोडवून मोटारीबाहेर काढावा लागतो. बेल्टची किंमत किरकोळ असते. बिल होते ते कारागिराच्या तासांचे.

खर्च इथेही थांबत नाही. इंजिन बाहेर आलेच आहे, तर पाण्याचा पंप पाहू या. बेल्ट ताणून धरणारी बेअरिंग बदलू या. रबराच्या नळ्या तीस वर्षांच्या झाल्या आहेत, त्याही उरकून टाकू या. यातले एकही वाक्य चुकीचे नसते. आज टाळलेली नळी सहा महिन्यांनी फुटली, तर तेच इंजिन पुन्हा उतरवावे लागेल, हे मालकालाही पटते. त्यात एफ-३५५ चे स्वतःचे दोन दुर्गुण आहेत. एक्झॉस्टच्या मुळाशी असलेल्या नळ्यांना तडे जातात, आणि बऱ्याच मोटारींत व्हॉल्व्हना धरून ठेवणाऱ्या ब्राँझच्या नळकांड्या अकाली झिजतात. दुसरे काम निघाले म्हणजे सिलिंडर हेड उघडणे आले. विकणाऱ्याने हे काम आधीच करून घेतले असेल आणि त्याच्या पावत्या असतील, तर मोटारीसाठी चार पैसे जास्त मोजणे हीच काटकसर ठरते.

फेरारीलाही याची जाणीव झाली. १९९९ साली आलेल्या ३६० मोडेनामध्ये सांगाडा अॅल्युमिनियमचा झाला, ताकद ४०० अश्वशक्तीवर गेली आणि आसनांच्या मागे एक झाकण ठेवण्यात आले. ते उघडले की बेल्ट समोर. इंजिन उतरवण्याची गरज संपली. २००४ मध्ये आलेल्या एफ-४३० ने तर बेल्टच काढून टाकला. त्याजागी धातूची साखळी आली. नियमित देखभालीच्या दृष्टीने एफ-३५५ आणि एफ-४३० या एकाच घराण्यातील बहिणी वाटत नाहीत. कागदावर पाहिले तर ४८० हून अधिक अश्वशक्तीची नवी मोटार जुन्या मोटारीपेक्षा बाळगायला सोपी आहे. मात्र तिच्याही एक्झॉस्टच्या नळ्या तडकतात, पात्यांनी गिअर बदलणाऱ्या मोटारींचे क्लच झिजतात, आणि त्या काळच्या फेरारींच्या डॅशबोर्डवरील बटणांचा मुलामा उन्हाने वितळल्यासारखा चिकट होतो. हा शेवटचा दोष धोक्याचा नाही. पण एवढी किंमत मोजून बसलेल्याच्या बोटांना तो लागतो, तेव्हा बरे वाटत नाही.

मोडेनाचे नाव निघाले की मराठी वाचकाला सचिन तेंडुलकर आठवणारच. २००२ साली सचिनने डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, त्याबद्दल फियाटने त्याला ३६० मोडेना भेट दिली. सिल्व्हरस्टोन येथे ती मायकेल शूमाकरच्या हस्ते सुपूर्द झाली. पुढे आयात शुल्काचा वाद झाला. सुमारे एक कोटी १३ लाख रुपयांचे शुल्क माफ करण्याच्या निर्णयावर टीका झाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर ते शुल्क कंपनीने भरले. मोटारीपेक्षा तिच्यावरचा कर अधिक, हे सामान्य वाचकाला प्रथम कळले ते या निमित्ताने. २०११ मध्ये सचिनने ती मोटार विकली.

बैल आणि घोडा

एफ-४३० ची थेट स्पर्धक म्हणजे लॅम्बोर्गिनीची गायार्डो. १९९८ मध्ये लॅम्बोर्गिनी ऑडीच्या ताब्यात गेली आणि २००३ मध्ये ही मोटार आली. २०१३ पर्यंत तिच्या १४,०२२ प्रती निघाल्या. तोवर लॅम्बोर्गिनीने एवढ्या संख्येने कोणतीही मोटार विकली नव्हती. दहा सिलिंडर, सुरुवातीला ५०० अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद. आवाज फेरारीहून खर्जातला, रूप अधिक धटिंगण. जर्मन शिस्तीमुळे तिच्या विजेच्या तारा आणि जोडण्या जुन्या लॅम्बोर्गिनींसारख्या रुसत नाहीत.

तिचा कच्चा दुवा आहे क्लच. ई-गिअर नावाची तिची पद्धत बाहेरून स्वयंचलित वाटते. पण आत साधाच क्लच असतो आणि तो दाबण्या-सोडण्याचे काम यंत्रणा करते. सिग्नलपाशी इंच इंच पुढे सरकणे, चढावर मागे घेत पार्किंग करणे, यांत हा क्लच अक्षरशः जळतो. एकाच मॉडेलच्या दोन मोटारींत एकीचा क्लच काही हजार किलोमीटरांत संपलेला आणि दुसरीचा अनेक वर्षे टिकलेला आढळतो, तो याच कारणाने. क्लच किती उरला आहे ते संगणक जोडून पाहता येते. तो आकडा पाहिल्याखेरीज सौदा करणे शहाणपणाचे नाही.

चालवण्याच्या आनंदात मात्र दोघींचे स्वभाव निराळे. फेरारीची मागची चाके वळणावर चालकाला सतत काही सांगत असतात, इशारे देत असतात. गायार्डो चारही पायांवर घट्ट उभी राहते; पावसात ती धीर देते, पण जोरात वळवली की पुढचे टोक जरा रेटून बाहेर जाऊ पाहते. म्हणूनच २००९ मध्ये लॅम्बोर्गिनीने फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी आवृत्ती काढली, तेव्हा चोखंदळ चालक तिच्याकडे वळले. आणखी एक वाट आहे. गायार्डोशी हाडामांसाचे नाते असलेली ऑडी आर-८ हीच मौज बऱ्याच कमी किमतीत देते. तिला बैलाचे चिन्ह नाही, एवढाच काय तो फरक म्हणणारे लोक आहेत. ते अगदीच चुकीचे नाहीत.

रोज निघणारी पोर्श

पोर्श ९११ टर्बो या पंगतीत बसते की नाही, यावर रसिकांचे एकमत होत नाही. तिला मागे दोन छोटी आसने आहेत, पुढे सामानाला जागा आहे आणि शेजाऱ्याला ती पटकन ओळखू येत नाही. २००० ते २००५ या काळातील टर्बोत दोन टर्बोचार्जर लावलेले ३.६ लिटरचे, ४२० अश्वशक्तीचे इंजिन होते. त्याचे मूळ हान्स मेत्सगर यांनी रचलेल्या शर्यतींच्या इंजिनात होते. त्याच काळातील साध्या ९११ च्या इंजिनात एक बेअरिंग अचानक फुटून सगळे इंजिन निकामी होण्याची भीती असे. मेत्सगर यांच्या इंजिनाला ती भीती नाही. त्याची दुखणी वेगळी आणि मोजकी. पाण्याच्या काही नळ्या कंपनीने चिकटद्रव्याने जोडल्या होत्या. कालांतराने त्या सुटतात. त्या कायमच्या वेल्ड करून घ्यायच्या, तर इथेही इंजिन उतरवावे लागते, पण ते आयुष्यात एकदाच. मागचा वर-खाली होणारा पंख उचलणारी तेलाची नळकांडी गळू लागतात.

तिच्या देखभालीचे अर्थशास्त्र सोपे आहे, कारण ९११ संख्येने खूप आहेत. कंपनीबाहेरचे पण तरबेज कारागीर जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात सापडतात, सुटे भाग बनवणारे अनेक आहेत, आणि स्पर्धा असली की बिल आटोक्यात राहते. उणीव शोधायचीच तर ती आनंदाच्या पारड्यात आहे. टर्बोमुळे ताकद एका लोंढ्यासारखी येते. मोटार भयंकर वेगाने जाते. पण इंजिनाला हळूहळू फुलवत नेण्याचे, त्याच्याशी बोलण्याचे सुख त्यात कमी.

इथे वेगाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. ४२० किंवा ५०० अश्वशक्तीच्या मोटारीत पहिले दोन गिअर पुरते वापरण्याआधीच बहुतेक देशांतील वेगमर्यादा मागे पडते. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर सपाट पट्ट्यातही मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे; एनएसएक्सदेखील ती दुसऱ्या गिअरमध्येच ओलांडते. याचा अर्थ असा की जास्त ताकदीची मोटार तिच्या मालकाला तिचे सर्वोत्तम रूप क्वचितच दाखवते. माफक ताकदीची, वर वर चढत जाणारे इंजिन असलेली, हाताला रस्ता कळवणारी मोटार मात्र साध्या घाटवळणावर, कायदा न मोडता, बरेच काही देऊन जाते. आनंदाचा आणि अश्वशक्तीचा संबंध आहे, पण तो जाहिरातीत दिसतो तेवढा सरळ नाही.

किलोमीटरमागे किती?

खर्चाचा हिशेब मांडताना बहुतेक जण पेट्रोलपासून सुरुवात करतात. वास्तविक पेट्रोल हा यातला सर्वांत किरकोळ भाग. विमा, गॅरेजचे भाडे, वार्षिक तपासणी, वयोमानाने बदलावे लागणारे टायर व द्रव, आणि तीन वर्षांतून एकदा येणारे मोठे काम हे सारे मोटार चालवली नाही तरी येतेच. टायर नक्षी शाबूत असूनही सहा-सात वर्षांत कडक होतात आणि ओल्या रस्त्यावर दगा देतात. ब्रेक कार्बन-सिरॅमिकचे असतील, तर ते दीर्घकाळ टिकतात हे खरे. पण संपले की त्यांच्या बदलीच्या खर्चात एखादी बरी जुनी मोटार येऊ शकते.

उदाहरणादाखल समजा, एखाद्या मालकाचा ठरलेला वार्षिक खर्च ९००० पौंड आहे. तो वर्षाला ३००० किलोमीटर चालवत असेल, तर प्रत्येक किलोमीटरला तीन पौंड पडले. तोच ९००० किलोमीटर चालवू लागला आणि जास्तीच्या झिजेपोटी आणखी ३००० पौंड गेले, तर किलोमीटरमागे खर्च येतो सुमारे एक पौंड तेहतीस पेन्स. मोटार जितकी जास्त चालवावी, तितके तिचे सुख स्वस्त होते. शिवाय गुंतलेल्या भांडवलावर जे व्याज मिळाले असते ते मिळाले नाही, हा न दिसणारा खर्चही धरायला हवा. साठ हजार पौंड बँकेत चार टक्क्यांनी ठेवले असते, तर वर्षाला २४०० पौंड आले असते. हौसेला मोल नाही म्हणतात. पण व्याजाला आहे.

परंतु बाजार नेमके उलटे सांगतो. कमी चाललेल्या मोटारीला जास्त भाव. त्यामुळे फेरारीचा मालक प्रत्येक किलोमीटरला बिचकतो, रविवारी ऊन असेल तरच मोटार काढतो आणि उरलेले दिवस तिच्यावर कापड घालून ठेवतो. पण उभ्या मोटारीत तेलाचे सील वाळतात, बॅटरी उतरते, पेट्रोल शिळे होते, क्लच चिकटतो. वीस वर्षांत जेमतेम दहा हजार किलोमीटर झालेली मोटार पाहून नवखा खरेदीदार हरखतो. मुरलेला कारागीर मात्र ती हाती घ्यायला कचरतो. दरवर्षी चार-पाच हजार किलोमीटर चाललेली, पावत्यांची जाडजूड फाइल असलेली मोटार त्याला अधिक पसंत असते. एनएसएक्स आणि ९११ यांच्या बाजूने बोलणारा सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे, की त्यांचे मालक त्या चालवतात.

किमतींच्या चढउतारानेही हिशेब गुंतागुंतीचा केला आहे. एफ-३५५ आणि एनएसएक्स यांच्या किमती एके काळी खूप खाली आल्या होत्या. त्या वेळी घेणाऱ्यांनी मोटार चालवली आणि विकताना नफाही मिळवला. अमेरिकेत १९९० च्या सुमारास साठ हजार डॉलरच्या आसपास मिळणारी एनएसएक्स आज चांगल्या स्थितीत असेल, तर त्याहून जास्त मागते. फेरारीत दांड्याच्या गिअरचे भाग्य विशेष उजळले. एफ-४३० नंतर आलेल्या ४५८ मध्ये हाताने गिअर टाकण्याची सोयच उरली नाही. परिणामी दांड्याची एफ-४३० पात्यांच्या एफ-४३० पेक्षा खूपच महाग झाली, इतकी की पात्यांची मोटार घेऊन तिला दांडा बसवून देणारे व्यवसाय उभे राहिले. मात्र ही भाववाढ गृहीत धरून कर्ज काढणे वेगळे आणि ती झाली तर आनंद मानणे वेगळे. चढलेल्या भावाने आज घेणाऱ्याला मागच्या पिढीतील खरेदीदाराचे नशीब लाभेलच असे नाही, आणि टायमिंग बेल्टचे बिल मात्र लाभणारच आहे.

भारतात काय?

भारतातील हौशी माणसासाठी ही निवड बरीचशी कागदावरची आहे. वापरलेली मोटार आयात करायची, तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही. म्हणजे परदेशातून एनएसएक्स किंवा एफ-३५५ आणण्याचा सरळ मार्ग बंद. नव्या मोटारीवरील आयात शुल्क अनेक वर्षे शंभर टक्के किंवा त्याहून अधिक राहिले. महाराष्ट्राने २०२५ मध्ये मोटार कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये केली. एवढा कर भरून घेतलेली मोटार विकताना तो कर परत येत नाही, म्हणून इथे घसाऱ्याचा आकडा युरोपपेक्षा फार मोठा असतो. दुसरीकडे, आधीच देशात आलेली गायार्डो किंवा एफ-४३० दुसऱ्या हाताने घेणाऱ्याला पहिल्या मालकाने भरलेल्या कराचा फायदा मिळतो. अशा मोटारीला कारागीर आणि सुटे भाग कुठून येणार, हे मात्र खरेदीआधी विचारून ठेवावे. वरळीच्या सिग्नलवर पाच मिनिटे सरकत राहणारा ई-गिअरचा क्लच बोलोन्याच्या मोकळ्या रस्त्यावरच्या क्लचइतका टिकणार नाही.

मग घ्यावी कोणती? वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चालवण्याची खरोखर इच्छा असलेल्याने, आणि ज्याला वळणे आवडतात त्याने, एनएसएक्सला पर्याय शोधण्यात वेळ घालवू नये. रोज, पावसापाण्यातही न्यायची असेल तर ९११ टर्बो. एफ-३५५ घ्यावी ती तिच्या स्वरासाठीच. आणि खरेदीच्या किमतीच्या निदान पाचवा हिस्सा तरी वेगळा काढून ठेवलेला असेल तेव्हाच. गायार्डो आणि एफ-४३० या दोहोंत सावध माणसाने साखळीच्या इंजिनाची फेरारी निवडावी, आणि ज्याला लोकांनी वळून पाहायला हवे आहे त्याने बैल.

निवड कोणतीही झाली, तरी पैसे देण्याआधी मोटार विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या, त्याच मोटारीवर वर्षानुवर्षे काम केलेल्या कारागिराला ती दाखवावी. तो मोटार लिफ्टवर चढवून खालून पाहील, सिलिंडरांतील दाब मोजेल, क्लचचा आकडा वाचेल, टायरच्या कडेवरचा उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष बघेल, आणि रंगाची जाडी मोजून जुना अपघात शोधेल. या तपासणीला काहीशे पौंड लागतात. विकणारा तिला नकार देत असेल, तर दुसरी मोटार पाहावी. एवढ्या संख्येने निघालेल्या या मोटारींत ती मिळते.